लार्नाकासाठी अर्ज

शुक्रवार, ११ मे १९८४. सनाबिस, बहारीन

अ‍ॅग्नेस हिलरी रुमाव, तू माझ्यापासून एक वही लपवून ठेवली होतीस.

आज चर्चमधल्या मिस्साहून परतल्यावर तांदळाचा डबा धुवायला काढला. तुला जाऊन दहा आठवडे झाले, तेव्हापासून तो कोणी धुतला नव्हता. डब्याच्या मागे वही सापडली. निळा पुठ्ठा, दोनशे पाने. वर तुझ्या कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात: ‘लार्नाका. उन्हाळा ८४.’

म्हणजे सायप्रसचा विषय तू सोडलाच नव्हतास! मी पाच वेळा नकार दिला होता. १९७९ साली गावी, गिरीजला, आपल्या घराचा स्लॅब पडायचा होता. त्यानंतर एलिझाबेथचे कॉलेज, मग माझ्या आईचे आजारपण. प्रत्येक नकाराला सबळ कारण होते. ती सगळी कारणे मी आजही तारखांसकट सांगू शकतो. तू दरवेळी “बरं” म्हणालीस आणि मी ते बरं खरे मानले.

यापुढे तुला उद्देशून लिहिणार नाही. ज्या व्यक्तीकडून उत्तर येत नाही तिच्याशी पत्रव्यवहार चालू ठेवणे कोणत्याही कार्यालयीन पद्धतीत बसत नाही.

शनिवार, १२ मे

कार्यालयात गेलो. परत आलो. वही वाचली नाही.

रविवार, १३ मे

वाचली.

एका गृहिणीने एवढी चौकशी कोठे आणि कधी केली? चर्चच्या आवारात नर्स मंडळींशी तास तास उभी असे. मला वाटे, मासळीचे भाव चालले आहेत. काही ओळी उतरवून ठेवतो:

‘जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात जावे. १५ ऑगस्टला मारियामातेचा सण, तेव्हा त्यांचीच माणसे सुट्टीवर येतात, खोली मिळत नाही.’

‘हॉटेल नको. स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. समुद्र समोरच हवा असा हट्ट करू नये. दोन गल्ल्या आत निम्म्या भाड्यात मिळते आणि समुद्र काही पळून जात नाही.’

‘तांदूळ, डाळ, बाटली मसाला इथून. मासळी तिथे.’

‘दुकाने दुपारी बंद. बुधवारी दुपारनंतर उघडतच नाहीत. सुट्टी रविवारी, शुक्रवारी नव्हे! सवय मोडणे.’

‘गाड्या डाव्या बाजूने चालतात. रस्ता ओलांडताना गावच्यासारखे पाहणे, बहारीनसारखे नाही.’

‘किनारा काही ठिकाणी दगडगोट्यांचा. रबरी चपला. डोंगरावर गार असते, स्वेटर दोन. (हि. हसेल.)’

मी हसलो नाही.

‘जुलैत लार्नाकाचे खारे तळे आटते, मीठ वर येते. पांढरेशुभ्र. आपल्या नायगावच्या मिठागरांसारखे असेल. पाहणे!!’ दोन उद्गारचिन्हे. तिचे वडील मिठागरावर मुकादम होते. अकरा वर्षांत बहारीनमधल्या कोणत्याही वस्तूपुढे तिने दोन उद्गारचिन्हे दिलेली मला आठवत नाहीत.

‘संत लाजरसचे चर्च. आत पायऱ्या उतरून थडगे. येशूने उठवल्यावर तो इथे येऊन तीस वर्षे जगला, बिशप झाला आणि इथेच दुसऱ्यांदा वारला असे म्हणतात.’

दुसऱ्यांदा वारला! मग मार्था आणि मेरी या बहिणींना दुसऱ्यांदा रडावे लागले असेल. त्याविषयी शुभवर्तमानात एक ओळ नाही. आज धर्मगुरूंना विचारावेसे वाटले की चार दिवस मेलेला माणूस उठवता येतो, तर एका शुक्रवारी पहाटे न्हाणीघरात कोसळलेली बाई का नाही. विचारले नाही. ते म्हणाले असते, “हिलरी, देवाची योजना.” योजना करणारा हा एकच अधिकारी असा की ज्याच्याकडे दाद मागण्याची सोय नाही.

दोन गोष्टींचा उलगडा झाला नाही. एक: ‘ईदनंतरच निघणे’ या ओळीखाली दोन रेघा. वसईच्या ख्रिस्ती बाईने प्रवासाचा दिवस ईदवरून का ठरवावा? दोन: शेवटची चार पाने उर्दू लिपीत आहेत. मला ती वाचता येत नाहीत. तिलाही येत नव्हती.

मंगळवार, १५ मे

वहीतली आणखी एक ओळ. परवा मुद्दाम वगळली होती, पण रोजनिशीत लपवाछपवी करण्यात अर्थ नाही. ‘पासपोर्टवर सायप्रसचे नाव चढवून घेणे. त्यासाठी हि.कडे अर्ज.’

आपल्या पासपोर्टवर ज्या देशांची नावे लिहिलेली असतात तेवढ्याच देशांत जाता येते. नवे नाव वकिलातीत चढवून घ्यावे लागते, आणि त्यासाठी पासपोर्ट हातात असावा लागतो. आमच्या कंपनीत तो कोणाच्याच हातात नसतो. माणूस विमानातून उतरला की त्याचा पासपोर्ट माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात जातो. कुटुंबीय कंपनीच्या व्हिसावर असतील तर त्यांचाही. आज कपाटात एकशे त्रेचाळीस आहेत. दोन किल्ल्या, दोन्ही माझ्या कमरेला. अकरा वर्षांत एकही पासपोर्ट गहाळ झालेला नाही.

तिने अर्ज केला होता का? केला होता. मला आठवते. लिहवत नाही.

मंगळवार, २२ मे

जमालुद्दीन आला होता. म्हसळ्याचा, वेल्डर, सहा वर्षांची नोकरी. बहिणीचे लग्न ईदनंतर आठ दिवसांनी. रजा ऑक्टोबरात देय. मी नियम सात वाचून दाखवला: वार्षिक रजेच्या आधी पासपोर्ट मिळेल तो केवळ जवळच्या नातलगाच्या मृत्यूच्या प्रसंगी.

“लगनाचं काय लिवलंय, साहेब?”

“लग्नाचा उल्लेख नाही.”

तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, “म्हंजे घरात कोणतरी मेलं पायजेल. मंग तुमचं कपाट उघडतं.”

मी त्याला जायला सांगितले. दारात वळून म्हणाला, “मॅडम असत्या तर झ्याक लिवून दिला असता. त्यांचा लिवलेला तुमी कंदी परत नाय केला, साहेब.”

कोणता अर्ज? कोणाला लिहून दिला?

बुधवार, २३ मे

दिवसभर जुनी फाइल चाळली. पासपोर्ट मागणारे सतरा अर्ज. प्लंबर, स्वयंपाकी, दोन ड्रायव्हर, ज्यांना स्वतःची सही धड करता येत नाही अशी माणसे. सगळे एकाच सुबक इंग्रजीत, टाइप केलेले. आणि सगळ्यांच्या शेवटी एकच वाक्य: या कृपेबद्दल माझ्या घरची चूल आपली आठवण ठेवील. इंग्रजीत असे वाक्य कोणी लिहीत नाही. हे तिच्या आईचे बोलणे होते.

सतराही अर्जांवर माझी सही आहे. ‘मंजूर.’ मला वाटत होते, कामगारांचे इंग्रजी सुधारत आहे!

अठरावा अर्ज तिचा स्वतःचा. दिनांक ९ जानेवारी १९८४. ‘प्रति, कर्मचारी अधिकारी. महोदय, मी आपल्या कंपनीतील श्री. हिलरी रुमाव यांची पत्नी असून, येत्या उन्हाळ्यात लार्नाका येथे जाण्याची माझी इच्छा आहे. तरी माझा पासपोर्ट तीन दिवसांसाठी मिळावा…’ शेवटी चूल होतीच.

त्या सकाळी तिने तो माझ्या टिफिनखाली ठेवला होता. मी तो विनोद समजलो. विनोदाला विनोदाने उत्तर द्यावे म्हणून त्यावर लाल शाईने शेरा मारला, शिक्का उठवला आणि एक प्रत रिकाम्या टिफिनमध्ये घालून घरी पाठवली. शेरा असा: ‘कारण अपुरे. पुढील वर्षी विचार करावा.’

त्या संध्याकाळी तिने जेवण वाढले. बोंबलाचे कालवण होते. मी दोनदा भात घेतला.

तिचा पासपोर्ट मी कपाटातून काढला तो २ मार्चला. वकिलातीने त्याचा कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून परत दिला. शवपेटीबरोबर तो लागतो. त्या दिवशी अर्ज मागितला नाही. नियम सात.

गुरुवार, २४ मे

काही नाही.

शुक्रवार, १ जून

आजपासून रमजान. दुपारी सिराजच्या दुकानात गेलो. रत्नागिरीचा सिराज, वरच्या मजल्यावरचा शेजारी, बाब-अल-बहारीनच्या वेशीजवळ विमान तिकिटांच्या दुकानात कारकून आहे. माझ्या ऑक्टोबरच्या तिकिटाची चौकशी करायची होती. तो रजिस्टर उलटत होता. एका पानावर मला ‘रुमाव’ दिसले.

“हे काय आहे?”

सिराजने पान झाकले. उपवासाने त्याचे ओठ सुकले होते. “हिलरीभाय, तुमी आदी बसा.”

“मी उभा बरा आहे.”

“तीन जुलै. लार्नाका. दोन शिटा धरून ठेवल्यात. एक अ‍ॅग्नेसभाभीची, एक आमच्या बिल्किसची. भाभी गेल्या तरी… खोडायला हात व्हईना, भाय.”

दोन. म्हणून ईद. म्हणून ती उर्दू पाने. बिल्किसचे रोजे पुरे झाल्याशिवाय निघायचे नव्हते. त्या खाऱ्या तळ्याच्या काठी एक दर्गा आहे, म्हणे. पैगंबरांच्या नात्यातल्या कोणा बाईची कबर. एकीला लाजरस, दुसरीला दर्गा, आणि मध्ये मीठ.

“तिसरे आसन धरले होते का?” मी विचारले.

सिराजने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले.

म्हणजे तू माझ्याशिवाय जाणार होतीस, अ‍ॅग्नेस! चोवीस वर्षांत वसई स्टेशनपर्यंतसुद्धा एकटी न गेलेली तू! मला कधी सांगणार होतीस? दोन जुलैला? की अर्धे वर्ष माझ्या ताटात भात वाढत मनातल्या मनात बॅग भरत होतीस? लाल शेऱ्यानंतरही तुला खात्री होती की पासपोर्ट मिळेल? कशावरून?

तुला उद्देशून लिहिणार नाही असे ठरवले होते. खोडत नाही. रोजनिशीत खाडाखोड नसावी.

शुक्रवार, ८ जून

रोजा सुटल्यावर बिल्किस खाली आली. हातात खजूर आणि वाफवलेल्या गोड सांजणांची ताटली, डोक्यावर ओढणी. तिच्यामागे जिन्यात सिराज, येऊ की नको अशा बेताने.

“भाय, ती निळी वही तुमच्याकडं हाय न्हवं?”

“आहे.”

“मला द्या. मी जानार हाय. तिनं सांगितलेलं समदं बगून येनार. तिची जपमाळ पन न्या म्हनाल तर नेईन, तिच्या पीराच्या कबरीवर ठेवीन.”

मी म्हणालो, वही माझ्या पत्नीची आहे, ती घराबाहेर जाणार नाही.

“आर्दी माजी हाय,” बिल्किस म्हणाली. तिने ताटली टेबलावर ठेवली. “धा म्हयने आमी दोघी तुमच्या ह्याच टेबलावर बसून लिवलीय. तुमी यायच्या टायमाला ती तांदळाच्या मागं ठेवायची. मी म्हनायची, अगं, सांग त्यास्नी, काय खातील काय तुला? ती म्हनायची, खानार न्हायत गं, शेरा मारतील.”

जिन्यातून सिराज म्हणाला, “बिल्किस, खलास. चल वर.”

वही दिली नाही. सांजणे खाल्ली. ती वाया घालवणे योग्य नव्हते.

गुरुवार, १४ जून

एलिझाबेथ मुंबईहून आली. तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली. आईच्या दफनानंतर प्रथमच भेटलो. फार उंच दिसली. ती विमानतळाच्या दारातून बाहेर आली आणि मी हात पुढे केला.

तिला वाटले मी तिला जवळ घेत आहे. ती पुढे झाली, तिचे डोळे भरले होते. मग तिने माझा तळवा पाहिला, वर वळलेला. पासपोर्ट घेण्यासाठी. अकरा वर्षे मी विमानतळावर प्रत्येक उतरणाऱ्या माणसापुढे तोच हात असाच धरला आहे. हाताला माणसे ओळखता येत नाहीत.

“ओह,” ती म्हणाली. पर्समधून पासपोर्ट काढला, माझ्या तळव्यावर ठेवला आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. पुढच्या नाही.

मी तो घरी आणला. शनिवारी सकाळी कार्यालयात नेईन. नियम आहे.

शनिवार, १६ जून

नेला. एकशे चव्वेचाळीस.

मंगळवार, १९ जून

एलिझाबेथ दिवसभर वर बिल्किसकडे असते. मला वाटते तिला सगळे कळले आहे. माझ्याशी इंग्रजीत बोलते, तेही कामापुरते. मी मराठीत उत्तर देतो. आमच्या घरी आता दुभाषा राहिलेला नाही.

रविवार, २४ जून

रात्रीच्या जेवणानंतर तिने सांगितले. मम्मीच्या सीटवर ती जाणार. बिल्किसआंटीबरोबर. नाव बदलून देण्याचे सिराजने कबूल केले आहे. वकिलातीत सायप्रसचे नाव दोन दिवसांत चढते. फक्त पासपोर्ट हवा.

मी म्हणालो, “अर्ज दे. विचार करू.”

दुसरे काहीही म्हणता आले असते. पण तेच तोंडातून गेले.

ती उठली. आपल्या पर्समधून तिने एक कागद काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला. लाल शेऱ्याची प्रत. अ‍ॅग्नेसने ती टिफिनमधून काढून, चार घड्या घालून जपून ठेवली होती. मला हेही माहीत नव्हते.

“अर्ज दिलेला आहे, पापा,” एलिझाबेथ मराठीत म्हणाली. किती वर्षांनी! “मम्मीनं दिलाय. मी दुसरा लिहिणार नाही. ह्याच्यावरच करा काय करायचं ते.”

मी म्हणालो, अर्जदार आणि प्रवासी एकच असावे लागतात.

“मग तुम्ही नियम सात लावा,” ती म्हणाली. “जवळच्या नातलगाचा मृत्यू. झालाय ना?”

सोमवार, २५ जून

कपाटासमोर बसून राहिलो. तिची प्रत काढली. लाल शेऱ्याखाली बोटभर जागा होती. मी रिकाम्या जागा सोडतो, पुढच्या कार्यवाहीसाठी. ‘पुढील वर्षी विचार करावा’ याच्या खाली काळ्या शाईने लिहिले: ‘मंजूर. विलंबाबद्दल दिलगीर आहे.’ सही. तारीख. अकरा वर्षांत कोणत्याही कागदावर मी दिलगिरी लिहिलेली नाही. शिक्का मारला. तो वाकडा उठला.

पासपोर्ट एलिझाबेथला दिला. तिने पोचपावतीवर सही करायला पेन मागितले. मी म्हणालो, राहू दे.

मंगळवार, २६ जून

जमालुद्दीन त्या दिवसानंतर पुन्हा आला नाही. मीच कार्यशाळेत गेलो. तो वेल्डिंगचा मुखवटा वर करून माझ्याकडे पाहत राहिला. मी विचारले, बहिणीचे लग्न कोणत्या तारखेला.

“कशाला, साहेब? नियमात लगीन बसवलं काय?”

आजूबाजूची माणसे हसली. त्यांचा अधिकार होता. मी म्हणालो, अर्ज मी लिहून देतो, तू सही कर.

घरी येऊन टाइपरायटरवर बसलो. शेवटचे वाक्य तिचेच घातले. मला दुसरे सुचेना.

रविवार, १ जुलै

ईद. बिल्किसने वरून शीरखुर्मा पाठवला. रिकाम्या भांड्यासोबत निळी वही वर पाठवायला काढली. जपमाळही. एलिझाबेथ न्यायला निघताना म्हणाली, “तुम्ही येऊन द्या ना.” गेलो.

बिल्किसने वही कपाळाला लावली. सिराज म्हणाला, “भाय, ऑगस्टात आजून शिटा हायत. नाव चढवून घेतलंत तर…” मी म्हणालो, ऑगस्टमध्ये जाऊ नये. पंधराला सण, खोल्या मिळत नाहीत. 

मंगळवार, ३ जुलै

विमानतळावर सोडले. दोघींजवळ दोन-दोन स्वेटर. मी हसलो. तिने लिहिलेच होते.

एलिझाबेथला सांगितले: रस्ता ओलांडताना गावच्यासारखे पाहायचे. खारे तळे सकाळी लवकर पाहायचे, उन्हात मिठाने डोळे दिपतात. बुधवारची खरेदी दुपारपूर्वी. ती म्हणाली, “पापा, यू नो इट बाय हार्ट.” मग ती थांबली आणि माझा हात धरला. तळवा वर वळलेलाच होता. त्यात या वेळी काही ठेवले नाही. नुसता धरला.

परतताना बुदैयाच्या रस्त्यावर, ती भाजी घेत असे त्या शेतकऱ्यापाशी गाडी थांबवली. त्याने त्याच्या अरबीत विचारले, “मॅडम मफी?” म्हणजे, नाही आल्या? मी म्हणालो, प्रवासाला गेली आहे. खोटे बोललो. पूर्णपणे नाही.

बुधवार, ४ जुलै

सकाळी सात वाजता कपाट उघडले. नावे वाचून एकेकाला बोलावले. जमालुद्दीन पहिला. दोन वाजेपर्यंत एकशे बेचाळीस पासपोर्ट ज्यांचे त्यांच्या हातात दिले. अर्ज कोणाकडूनही घेतला नाही. मॅनेजर वॉरन साहेबांनी विचारले, हे कोणाच्या परवानगीने. मी म्हणालो, एका अर्जावर उशिरा कार्यवाही झाली आहे. आणि राजीनामा त्यांच्या टेबलावर ठेवला. शेवटी राहिलेला पासपोर्ट माझा. तो खिशात घातला. कपाटाचे दार लावले. किल्ल्या परत केल्या.